रंगीत मुद्राचित्राची सुरुवात: आधी बारा प्रूफं काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बारा वर्षं तुम्ही ॲक्रिलिकमध्ये अमूर्त चित्रं रंगवता आहात. मित्राच्या स्टुडिओत छोटा प्रेस आला, म्हणून स्वतःच्याच एका आवडत्या चित्रावरून एमडीएफच्या तीन प्लेटा कापल्यात. एक पिवळी, एक तांबडी, एक निळी. ओळखीच्या छापखान्यातून ऑफसेटची शाई आणली आणि चित्रातल्या फिक्या छटा मिळाव्यात म्हणून तिच्यात पांढरी मिसळली. दहा प्रिंट काढल्या. रंग गढूळ आला, चित्रातली खोली गेली आणि दहातली एकही प्रिंट दुसरीसारखी नाही. आता तुम्ही विचारताय की महागडी परदेशी शाई मागवावी, की अमूर्त चित्रकाराने या वाटेला जाऊच नये.

शाईचं आधी सांगते. आत्ता पैसे घालू नका. छापखान्यातल्या त्याच शाईवर मी पहिली सात-आठ वर्षं काढली आहेत आणि त्यातल्या काही प्रिंट आजही माझ्या भिंतीवर आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘जावं’ किंवा ‘जाऊ नये’ इतक्यावर संपत नाही.

तुम्ही जोडलेल्या फोटोत एक जागा आहे, तिच्याकडे बघा. तिसऱ्या प्रिंटमध्ये डाव्या कडेला पिवळी प्लेट दोन-तीन मिलिमीटर बाहेर सरकली आहे. त्या पट्टीवर तांबडा पोचलेला नाही, निळाही नाही. नुसता पिवळा आणि खाली कागद. तुमच्या लेखी ती चूक असेल, पण त्या अख्ख्या प्रिंटमध्ये उजेड आहे तो तेवढ्याच पट्टीत. बाकी सगळीकडे तीन शाया एकावर एक चढल्या आहेत, कारण तिन्ही प्लेटांवर तुम्ही जवळजवळ सगळा पृष्ठभाग शाईसाठी ठेवला आहे. प्लेटेचा जेमतेम पाचवा हिस्सा कोरून काढला असेल.

कॅनव्हासवर उजेड रंगातूनच येतो. पिवळ्यात टायटॅनियम व्हाइट मिसळला की तो रंग स्वतः उजेड परत फेकतो, म्हणून काळ्या कॅनव्हासवरसुद्धा तुम्ही लख्ख पिवळा ठेवू शकता. छपाईच्या पारदर्शक शाईत उजेड कागदाचा असतो. तो शाईतून खाली जातो, कागदावर आपटतो आणि त्याच शाईतून वर येतो. जाताना-येताना दर थर त्याचा वाटा खातो. पिवळी शाई निळा उजेड खाते, मॅजेंटा (गडद गुलाबी) हिरवा खाते, सायन (हिरवट निळी) तांबडा खाते. तिन्ही एकाच जागी आल्या की कागदाकडून परत यायला फारसं काही उरत नाही आणि जे उरतं ते ओल्या मातीसारखं दिसतं. तुम्ही मॅजेंटाऐवजी साधा तांबडा घेतलात, तो तर आधीच मॅजेंटा आणि पिवळ्याची बेरीज. म्हणजे तीन प्लेटांत चार थरांचं काळवंडणं.

त्यात पांढरी. चित्रकाराचा हात पांढऱ्याकडे जातोच, माझाही जायचा. पण पांढऱ्या शाईने रंग फिका होतो, पारदर्शक होत नाही. खालच्या थरावर ती सायीसारखी बसते. खालचं धड झाकत नाही आणि धड दिसूही देत नाही. फिकी छटा हवी असेल तर शाईत पारदर्शक माध्यम मिसळायचं. छपाईच्या दुकानात ‘ट्रान्स्परंट व्हाइट’ किंवा नुसतं ‘मीडियम’ म्हणून मागा. नावात व्हाइट असलं तरी ते पांढरं छापत नाही. काचेवर पातळ पसरलं की दिसेनासं होतं. ही तीच शाई असते, फक्त रंगद्रव्याशिवायची. ते घातलं की फिकेपणा कागदातून येतो आणि तो जिवंत असतो.

हे झालं शाई आणि उजेडाचं. पण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. तुम्ही पूर्ण झालेलं चित्र समोर ठेवून त्याच्या प्लेटा कापल्यात.

चित्राची हुबेहूब रंगीत छपाई करणं हे एक वेगळं, मोठं कसब आहे. आपल्याकडे १८९४ मध्ये गिरगावात सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला हललेल्या रविवर्मा प्रेसमध्ये ते चालायचं. तैलचित्रातला एकेक रंग वेगळा काढून त्याचा वेगळा दगड तयार करायचा, आणि असे कितीतरी दगड एकावर एक छापून लक्ष्मी-सरस्वती उभ्या राहायच्या. ते काम करणारे शिळाछापाचे कारागीर रंग वेगळे करण्यातच मुरलेले होते. चित्र कसं दिसायला हवं ते आधीच ठरलेलं होतं आणि घराघरांत तेच पोचायला हवं होतं. तिथे ती रीत बरोबर.

तुमचं चित्र असं आधी ठरत नाही. अमूर्त चित्रकार एक रंग ठेवतो, मागे सरतो, बघतो, आणि त्या रंगाने जे केलं त्याला दुसऱ्या रंगाने उत्तर देतो. चित्र त्या सवाल-जवाबातून होतं. तुम्ही प्लेटा कापल्यात तेव्हा सवाल-जवाब संपलेले होते. उरली होती फक्त नक्कल. तुम्हाला जे येतं, बारा वर्षांत जे कमावलं, ते वापरायला त्या तीन प्लेटांत जागाच नव्हती. प्रिंट मेल्यासारखी दिसते ती यामुळे. शाईमुळे थोडी, पण मुख्यतः यामुळे.

तर मग छपाईत तो संवाद आणायचा कुठून? माझ्या मते प्लेट कापण्यापेक्षा प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रिंट, काढण्यात. एक थर छापायचा, वाळू द्यायचा, बघायचं आणि मग पुढची प्लेट काय असावी ते ठरवायचं. उत्तर मिळायला कॅनव्हासवर दहा सेकंद लागतात, इथे एक दिवस लागतो. त्या एका दिवसाची सवय होणं हीच चित्रकारासाठी पहिली पायरी आहे आणि ती सोपी नाही.

या बाबतीत मला अमेरिकन अमूर्त चित्रकार हेलन फ्रँकेंथेलर फार जवळची वाटते. १९५२ पासून ती पातळ केलेला रंग कोऱ्या कॅनव्हासमध्ये मुरवून चित्रं करत होती. ब्रशचा फटकारा नाही, नुसता पसरलेला रंग. तिने पहिली शिळाछाप प्रिंट केली १९६१ मध्ये, लाँग आयलंडवर तात्याना ग्रोसमन यांच्या कार्यशाळेत, आणि तिचं नावही ‘फर्स्ट स्टोन’. लाकूडछापाला तिने हात घातला त्यानंतर बारा वर्षांनी, १९७३ च्या ‘ईस्ट अँड बियाँड’मध्ये. वाहता रंग हीच जिची ओळख, तिने लाकडाचं कडक माध्यम निवडलं. पण लाकडावर तिने स्वतःच्या चित्राची नक्कल केली नाही. जिगसॉने फळ्यांचे आकार कापले आणि लाकडाची शीर रंगातून दिसू दिली. पुढे ‘एसेन्स मलबेरी’ (१९७७) करताना कार्यशाळेबाहेरच्या तुतीच्या झाडाची पिकली तुती चिरडून त्या रसाचा रंग तिने शाईत शोधला. १९८० च्या ‘कॅमिओ’च्या वेळी ती लाकूड सॅंडपेपरने आणि बारीक हत्यारांनी घासून, ओरखडून घेत होती, म्हणजे रंग सपाट बसू नये. २००० सालच्या ‘मॅडम बटरफ्लाय’मध्ये ४६ ठोकळे आणि १०२ रंग आहेत. या आकड्याने दबून जाऊ नका. तिच्या पाठीशी केनेथ टायलरसारखा छापणारा आणि जपानी पद्धतीत तयार झालेला कारागीर होता. तुमच्यापाशी आहे मित्राचा प्रेस आणि रविवार. तिच्याकडून घ्यायचं ते इतकंच, की ठोकळ्याला काय येतं हे तिने आधी बघितलं आणि चित्राचा आग्रह बाजूला ठेवला.

आता तुम्ही काय करावं. मी माझ्याकडे येणाऱ्या चित्रकारांकडून जे करून घेते तेच सांगते.

पहिला महिना प्लेट कापू नका. मोनोटाइप करा. ॲक्रिलिकची पारदर्शक शीट घ्या, तिच्यावर शाई रोलरने पसरा, चिंधीने पुसा, कार्डाच्या कडेने ओढा, कागद ठेवा, प्रेसमधून काढा. एकच प्रिंट मिळते. शीटवर राहिलेल्या शाईतून दुसरी फिकट प्रिंट निघते, तिला आम्ही भूतप्रिंट म्हणतो, आणि बरेचदा तीच पहिलीपेक्षा बरी असते. फ्रेंच चित्रकार देगाने १८९० मध्ये तैलरंगात असे निसर्गदृश्यांचे मोनोटाइप केले होते. त्यात डोंगर कुठे संपतो आणि नुसता रंग कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. आपल्या अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचा विचार करा: रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन ते कॅनव्हासवर रंग चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. रंग उचलून काढणं हीसुद्धा रंगवण्याची कृती आहे हे ज्याला कळलं, त्याला मोनोटाइप परका वाटत नाही. या महिन्यात तुम्हाला रोलरचा हात येईल आणि चित्र उलटं छापलं जातं हे डोळ्यांना पटेल. हे उलटं होणं किरकोळ समजू नका. उजवीकडे वर चढत जाणारा आकार उजवीकडे खाली उतरू लागला की अमूर्त रचनेचा सगळा तोल बदलतो.

त्यानंतर बारा प्रूफं. या उत्तरातलं दुसरं काही केलं नाहीत तरी चालेल, पण हे करा.

वीस बाय वीस सेंटिमीटरच्या, तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या दोन प्लेटा घ्या. दोन्हींना लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्या आणि बारीक सॅंडपेपर मारा, नाहीतर एमडीएफ शाई पितं. पहिल्या प्लेटेवर एकच मोठा आकार ठेवा, निम्म्याहून जास्त जागा व्यापणार नाही असा. दुसरीवर दुसरा आकार, पहिल्याला साधारण एक तृतीयांश झाकेल असा. आकार कसला, याचा जास्त विचार करू नका. तुमच्या हातातून जो सहज येतो तो. आता कागदावर चार प्रदेश तयार होतात: कोरा कागद, नुसता पहिला, नुसता दुसरा, आणि दोघांचं एकमेकांवर आलेलं.

शाया तीन. पिवळी, मॅजेंटा, सायन. तिन्हींत सारख्या वजनाचं पारदर्शक माध्यम. दोन प्लेटांना तीनपैकी दोन वेगळ्या शाया द्यायच्या, तर सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडी दोनदा छापा: एकदा पहिली प्लेट आधी, एकदा दुसरी आधी. झाली बारा. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीने लिहा: कुठली प्लेट, कुठली शाई, कुठली आधी, मध्ये किती तास गेले. हे लिहिणं टाळलंत तर आठवड्याने बाराच्या बारा प्रूफं निरुपयोगी होतात. मी हे अनुभवाने सांगते; माझ्याकडे पहिल्या वर्षांतल्या अशा मुक्या प्रूफांचा गठ्ठा आहे, त्यातले दोन-तीन रंग मला आजही पुन्हा जमलेले नाहीत.

ही बारा प्रूफं दोरीवर शेजारी-शेजारी टांगा. निळ्यावर पिवळा आणि पिवळ्यावर निळा, दोन्ही हिरवेच. पण ते दोन वेगळे हिरवे असतात. कुठलीच शाई पूर्ण पारदर्शक नसते, म्हणून वरची थोडी जास्त बोलते. पिवळा शेवटी आला की दोन आकार जिथे भेटतात तिथे धुक्यासारखं काहीतरी पसरतं आणि निळा मागे जातो. निळा शेवटी आला की त्याची कड कापल्यासारखी पुढे येते. आकार तेच, शाया त्याच, फक्त क्रम बदलला आणि कोण पुढे, कोण मागे हे बदललं. तुमच्या प्रिंटमधून गेलेली खोली ती हीच. कॅनव्हासवर ती तुम्ही जाड-पातळ रंगाने आणि पांढऱ्याने मिळवत होतात, इथे ती क्रमाने मिळते.

मग त्यातलं एक प्रूफ निवडा, ज्याच्यासमोर तुम्ही जास्त वेळ उभे राहता ते. त्याचा क्रम आणि शाया कायम ठेवून फक्त माध्यमाचं प्रमाण बदला: शाईच्या तिप्पट माध्यम, मग सातपट. सातपट ऐकून लोक घाबरतात, पण चांगल्या कागदावर तो रंग श्वास घेतल्यासारखा दिसतो. यानंतर वाटलंच तर तिसरी प्लेट कापा, आणि ती प्रूफाकडे बघत कापा. पहिल्या दोघींनी जिथे काहीतरी मागितलंय तेवढ्याच जागेसाठी. माझी तिसरी प्लेट बहुतेक वेळा तळहाताएवढीच असते.

शाईच्या हाताळणीबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण त्या फोटोत दिसत नाहीत आणि पुस्तकातून समजत नाहीत. पहिली, आवाज. काचेवर रोलर फिरवताना कान द्या. पावसात डांबरी रस्त्यावरून सायकल जाते तसा बारीक, सलग सळसळ आवाज आला की थर बरोबर आहे. चटचट असा ओला, सुटासुटा आवाज येत असेल आणि शाईचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसत असेल तर शाई जास्त आहे. ती प्लेटेच्या कडांवरून ओघळणार आणि आकार फुगणार. तुमच्या प्रिंटमध्ये कडा फुगलेल्या दिसतात. दुसरी गोष्ट, घट्टपणा. सुरीवर शाई उचला. चक्क्यासारखी टांगून राहिली तर ती फार चिकट आहे, काकवीसारखी धार धरून पडली तर फार सैल. पहिल्या थराला चक्क्याच्या बाजूची शाई ठेवा, पुढच्या प्रत्येक थराला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब घालून थोडी सैल करत जा. वरची शाई खालच्यापेक्षा चिकट असली तर ती खाली बसण्याऐवजी खालच्या थरालाच उचलून घेते. तुमच्या सातव्या आणि आठव्या प्रिंटमध्ये जे पांढुरके ठिपके आहेत, ते बहुधा याचेच. उलट, थर फार दिवस वाळू दिला तर त्याच्यावर चकचकीत कातडी धरते आणि नवी शाई घसरते. माझ्याकडे साधारण एक रात्र मध्ये जाऊ देणं जमतं. तुमच्या गावच्या कोरड्या हवेत कमी वेळही पुरेल, जुलैत मुंबईत तीन-चार दिवस लागू शकतात. हे तुम्हालाच बघावं लागेल.

आता त्या दहा वेगवेगळ्या प्रिंट. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या करायला हव्यात. एक म्हणजे प्लेटा एकमेकींवर नीट न बसणं. त्याला उपाय सोपा आहे. प्रेसच्या बेडवर जाड माउंटबोर्डाचा एल आकाराचा कोपरा चिकटवा, प्लेट दर वेळी त्यात सरकवा, कागदासाठी दुसरा कोपरा त्याच बोर्डावर. जपानी लोक ठोकळ्यातच अशा दोन खाचा ठेवतात, एक कोपऱ्याला आणि एक कडेला, आणि दहा-पंधरा रंग एका जागी बसवतात. दुसरं म्हणजे कागद. इथे माझा स्वतःचा एक जुलै सांगते. मुंबईतल्या एका सामायिक स्टुडिओत मी दोन रंगांची एडिशन, म्हणजे एकाच चित्राच्या सारख्या प्रिंटचा ठरलेला संच, काढत होते. पहिल्या दिवशी सगळे कागद पाण्यात भिजवून, टिपकागदात दाबून पहिली प्लेट छापली. दुसऱ्या दिवशी घाईत कागद नुसते ओल्या स्पंजने पुसून घेतले. समोरच्या कडेशी दोन्ही आकार बरोबर भेटले, आणि पलीकडच्या कडेला दोन मिलिमीटरचं अंतर. भिजलेला कागद फुगतो, कमी भिजलेला कमी फुगतो, आणि दोन्ही दिवस तो सारखा फुगला नव्हता. बावीस कागद गेले. मी एकेक कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरत होते आणि प्रत्येकावर तीच पांढरी फट दिसत होती. तेव्हापासून मी एमडीएफ, लिनो, लाकूड यांवरचं काम कोरड्या कागदावरच छापते, आणि एचिंगमध्ये (ॲसिडने खोदलेल्या धातूच्या प्लेटेच्या छपाईत) ओला कागद लागतोच तेव्हा दोन्ही छपाया एका बैठकीत उरकते, नाहीतर दोन्ही दिवस भिजवण्याची वेळ घड्याळ लावून सारखी ठेवते. एका मोठ्या कागदातून तुकडे कापताना सगळ्यांची तंतूंची दिशा एकच ठेवा, कारण कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो.

कागद परदेशीच हवा असं नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड सुती कागद मी प्रूफांसाठी नेहमी वापरते. शेवटच्या एडिशनला, खूप पारदर्शक रंग असतील तर, अधिक पांढरा आणि सपाट कागद लागतो, कारण उजेड त्याचाच आहे. शाईवर वाचवलेले पैसे इथे घाला.

आणि तिसरी गोष्ट, जी बहुतेक चित्रकारांना कुणी सांगत नाही: दहा प्रिंट सारख्या असायलाच हव्यात असं नाही. सारख्या असतील तर पेन्सिलीने खाली १/१०, २/१० असं लिहायचं, आणि मग त्या खरोखर सारख्या हव्यात; घेणाऱ्याशी तो करार आहे. मुद्दाम रंग बदलत नेल्या असतील तर आकड्याच्या पुढे ई.व्ही. लिहितात, म्हणजे बदलती एडिशन. मोनोटाइपला १/१. तुमच्या दहा प्रिंट अनवधानाने वेगळ्या झाल्या, त्यांना ई.व्ही. लिहून विकू नका. पण जाणूनबुजून वेगळ्या दहा काढणं हा तुमच्यासारख्या चित्रकाराला अतिशय मानवणारा मार्ग आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की एकाच प्लेटेतून सगळे रंग एकदम छापण्याची पद्धत शिकावी का. ती व्हिस्कॉसिटीची, म्हणजे शाईच्या घट्ट-सैलपणावर चालणारी पद्धत. तिच्यात आपल्या लोकांचा मोठा वाटा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. इंग्रज मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी पॅरिसमध्ये १९२७ साली काढलेली कार्यशाळा पुढे आतलिए १७ म्हणून ओळखली गेली. १९५० च्या दशकात तिथे कृष्णा रेड्डी आणि कैको मोती काम करत होते. रेड्डी आंध्रचे, शांतिनिकेतनात शिकलेले. मोती जन्माने मुंबईचे आणि इथल्याच कला विद्यालयातून गेलेले. दोघंही शिल्पकलेतून आलेले, आणि मला वाटतं ते महत्त्वाचं होतं. प्लेटेकडे ते रेघा ओढायचा पत्रा म्हणून बघत नव्हते. त्यांच्यासाठी ती चढ-उतारांची जमीन होती. धातूची प्लेट वेगवेगळ्या खोलीवर खोदायची. कडक रोलरने सैल, तेलकट शाई फक्त उंचवट्यांवर लावायची. मग मऊ रोलरने घट्ट शाई; मऊ रोलर खोलगट जागेत दबून शिरतो, आणि उंचवट्यांवरची तेलकट शाई या घट्ट शाईला चिकटू देत नाही. सगळे रंग एकाच प्लेटेवर, एकमेकांशेजारी, आणि प्रेसमधून एकदाच जायचं. रेड्डींच्या प्रिंटमध्ये ठिणग्यांसारखे जे रंग शेजारी-शेजारी थरथरतात ते यातून.

शिका, जरूर शिका. पण वर्षभराने. त्यात तेलाचे चार थेंब इकडे-तिकडे झाले की निकाल बदलतो, प्लेटेच्या लांबी-रुंदीएवढ्या घेराचे महागडे रोलर लागतात, आणि खोल खोदकामाला ॲसिड. बारा प्रूफं ज्याने टांगली नाहीत त्याला काय चुकलं हेच त्यात कळत नाही. घरात नायट्रिक ॲसिड तर अजिबात आणू नका. त्या वाफा छातीत बसतात. त्यासाठी धूर ओढणारी सोय असलेली जागा हवी: कला महाविद्यालयाचा विभाग, भोपाळच्या भारत भवनातला स्टुडिओ, बडोद्याची ‘छाप’ ही मुद्राचित्रांची कार्यशाळा अशा ठिकाणी काही दिवस जाऊन काम करणं शहाणपणाचं. आणि एक घरगुती धोका: जवसाच्या तेलाच्या, शाईच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

यातलं किती तुम्हाला लागू पडेल ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. मित्राचा प्रेस आठवड्यात एकदाच मिळत असेल तर दोन थरांमधली ‘एक रात्र’ सात दिवसांची होईल. मग पहिली प्लेट घरी, चमच्याच्या पाठीने कागद घासून छापा. पातळ नेपाळी कागदावर ते छान येतं. तुम्हाला मुख्यतः विकायला एडिशन हवी असेल तर दोन-दोन थरांचं हे संथ काम कदाचित रुचणार नाही आणि एखाद्या अनुभवी छापणाऱ्याबरोबर काम करणं बरं. मी हे सगळं धरून चालले आहे की तुम्हाला स्वतःला रंगाचं दुसरं एक वागणं बघायचं आहे. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून तसं वाटलं; तुम्ही लिहिलंय की गढूळ असूनही त्या प्रिंट टाकून देववत नाहीत.

टाकू नका. तिसरी प्रिंट काढा, डावीकडची ती पिवळी पट्टी कात्रीने कापून टेबलावर, शाईच्या काचेशेजारी चिकटवा. पहिल्या प्रूफाची पिवळी तिच्याशी जुळेपर्यंत माध्यम घालत राहा, आणि तितकी जुळली की मग दुसऱ्या प्लेटेला हात लावा. बारा झाली की सगळ्या दोरीचा एकत्र फोटो पाठवा, मागे लिहिलेल्या नोंदींसकट.